पाकिटात तेरा चिठ्ठ्या होत्या

भागे, चिठ्ठी मी लपवली नव्हती.

म्हणजे, एकदा लपवली होती. पण ती पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ती चोरी तू पाचव्या दिवशी पकडलीस आणि शिक्षा म्हणून मी तुला जन्मभर चहा करून पाजला. मी बोलतेय ते या श्रावणातल्या चिठ्ठीबद्दल. जी कमी आहे असं तू म्हणत होतीस, आणि जी कमी नव्हती.

आज गुरुवार. इमारतीत मार्गशीर्षाच्या पूजेची गडबड चालू आहे, जिन्यात नारळाच्या शेंड्या आणि फुलांचे देठ सांडलेत. मी टेबलावर आपलं खोक्याचं झाकण मांडून बसलेय. साडेतीन वाजलेत. पाचला नळाला पाणी येईल. आपला नियम तुला माहीत आहे, पाणी यायच्या आत सुटलं तर सुटलं, नाहीतर हरलं. तू जाऊन तीन आठवडे झाले तरी नियम मी बदललेला नाही. मला नियम मोडायची सवय आहे, बदलायची नाही.

तुझ्याबद्दल लिहायचं तर मला आधी त्या बयेबद्दल लिहावं लागेल जिला तू पहिल्यांदा वालीवच्या बटणांच्या कारखान्यात पाहिलंस. सुमन तिचं नाव. नवी कोरी चेकरबाई. खांद्याला पर्स, पर्समध्ये इस्त्रीचा रुमाल, आणि जिभेच्या टोकावर बी.ए. बी.ए.ला तिने तर्कशास्त्र घेतलं होतं. त्यात तिला बासष्ट मार्क मिळाले होते, आणि हे बासष्ट मार्क ती रोज डब्याबरोबर कारखान्यात घेऊन यायची. गिरगावातून आचोळ्याला राहायला आली म्हणजे आपण या भागावर उपकार केले असं तिला मनापासून वाटायचं. आज ती बाई समोर आली तर मी तिच्या पाठीत एक धपाटा घालीन आणि मग, बिचारीला उन्हातून आलीय म्हणून, पाणी देईन.

तू तिच्या टेबलावरची बटणं निवडणारी. खाडीकडच्या गावातून यायचीस, चौथी शिकलेली, पायाला शेतातला चिखल अजून ओला. पोतं सुपात ओतलं की त्यात सगळ्या जातीची बटणं एकत्र यायची. दोन भोकांची, चार भोकांची, शर्टाची, कोटाची, काळी, दुधी, चॉकलेटी, टवका उडालेली. बाकीच्या बायका हाताला येईल ते बटण उचलून त्या त्या डब्यात टाकायच्या. तू तसं करायची नाहीस. तू आधी नुसती भोकं बघायचीस. मग नुसता आकार. मग नुसता रंग. मी चेकर म्हणून तुझ्याजवळ येऊन म्हणाले होते, "अहो बाई, एका बटणाला तीनदा हात कशाला लावताय?"

तू वरसुद्धा बघितलं नाहीस. म्हणालीस, "एका टायमाला एकच गोष्ट बघायची. तीन बघायला गेलं का डोले फसवतात."

संध्याकाळी सगळ्यात जास्त पोती तुझी झाली होती, आणि चुकीचं बटण एकही नव्हतं. चेकरबाईंनी दोनदा तपासलं. तिसऱ्यांदाही तपासलं असतं, पण सुटीचा भोंगा झाला.

कोड्यांची लागण मात्र तुला मी केली, एवढं श्रेय मला दे. रविवारच्या पुरवणीत ते कोडं यायचं. पाच घरं, पाच बाया, प्रत्येकीची वेगळी भाजी, वेगळा पक्षी, वेगळ्या रंगाचं दार, आणि खाली पंधरा-वीस वाक्यं. मेथीवाली मैनावालीच्या शेजारी राहते. निळ्या दाराच्या उजवीकडे पोपट नाही. सोमवारी जेवणाच्या सुटीत मी ते पुढ्यात धरून कपाळाला आठ्या घालून बसायची. सोडवण्यापेक्षा आठ्याच जास्त, कारण त्या लांबून दिसायच्या. तू डबा संपवून शेजारी येऊन बसलीस आणि विचारलंस, "काय वाचता?" मी समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, हळू आणि मोठ्याने. तू ऐकून घेतलंस. मग धागे कापायची कात्री घेतलीस आणि माझा पेपर कापायला लागलीस.

मी ओरडले. छापील कागद कापणं म्हणजे मला देवाच्या मूर्तीला कात्री लावण्यासारखं वाटत होतं. तू शांतपणे एकेक वाक्य वेगळं केलंस आणि त्या पट्ट्या टेबलावर पसरून तीन ढीग घातलेस. बोलक्या, ज्या सरळ काहीतरी सांगतात. जोडीच्या, ज्या एकट्या गप्प असतात पण दुसरीशेजारी ठेवल्या की बोलतात. आणि मुक्या, ज्यांचा अजून काहीच उपयोग नाही. मग एका खोक्याच्या झाकणावर खडूने चौकोन आखलेस. जिथे "नाही" ठरलं तिथे काळं बटण, जिथे "हो" ठरलं तिथे दुधी. एका रांगेत चार काळी झाली की पाचवं दुधी आपोआप.

"मुक्या फेकायच्या नाहीत," तू म्हणालीस. "परत्येक येलेला त्यांच्याकडे एकदा वलून बघायचं. शेवटी त्याच बोलतात."

ते कोडं सुटायला तुला अर्धी सुटी लागली. बासष्ट मार्कांनी त्या दिवशी डबा खाल्लाच नाही.

म्हणून मी चिठ्ठी लपवली. तीही किती साळसूदपणे. पुढच्या सोमवारी पेपर कापून देण्याचं काम मीच अंगावर घेतलं, "तुमचे हात कशाला दुखवता" म्हणून, आणि एक पट्टी पर्समध्ये, इस्त्रीच्या रुमालाच्या घडीत. चार दिवस तू झाकणावर बटणं मांडलीस आणि मोडलीस. मी चार दिवस तुझ्याकडे दयाळूपणे बघितलं. पाचव्या दिवशी तू सगळ्या बायकांसमोर म्हणालीस, "सुमे, एक चिठ्ठी कमी हाय."

तोवर मी "बाई" होते. त्या क्षणी "सुमे" झाले आणि शेवटपर्यंत तीच राहिले.

मी म्हणाले, "सुटत नाही म्हणून कमी आहे होय?"

"दोन उत्तरं निघतात. दोन्हीत बाकी सगलं सारखं, नुस्ती पोपट आनि मैना जागा बदलतात, एक टोकाला, एक मधी. म्हंजे हरवलेली चिठ्ठी त्या दोघांतल्या एकाची. पेपरवाले दोन उत्तरांचं कोडं छापनार नाहीत, म्हंजे पेपरात ती होती. आनि पेपर कापला तू." मग तू हात पुढे केलास. "पोपटवाली टोकाच्या घरात ऱ्हात नाय, असं कायतरी लिवलंय तिच्यावर. काढ पर्समधून."

काढली. "पोपट पाळणारी बाई टोकाच्या घरात राहत नाही." शब्दही जवळपास तेच. टेबलावरच्या बायका इतक्या हसल्या की फोरमन आत आला. भागे, मी आयुष्यात बरेच हुशार लोक बघितले, पण जे हातात आहे त्यावरून जे हातात नाही ते वाचणारी तू एकटीच.

त्या दिवसापासून दोन नियम झाले. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे आकडा घालायचा, आणि पाकिटावर एकूण किती ते लिहायचं. "म्हंजे तुझा मोह टलेल," तू म्हणालीस. पस्तीस वर्षं तो नियम आपण पाळला. हा आकड्यांचा नियम लक्षात ठेव. मी विसरले होते. किंवा विसरल्यासारखं केलं होतं.

कारखाना बंद झाला, बायका पांगल्या. तू शेताकडे परत गेलीस, माझ्या घरी सुना-नातवंडं आली, पण गुरुवार राहिला. तू रिक्षा बदलत आचोळ्याला यायचीस, तीन मजले चढायचीस आणि दारातच पिशवी रिकामी करायचीस. केळफूल, वालाच्या शेंगा, सुकेळी. मग पाकीट. वर्तमानपत्रातल्या कोड्यांचा आपल्याला कधीचाच कंटाळा आला होता. एका गुरुवारी तू रचायचंस, एका गुरुवारी मी. लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं, आत चिठ्ठ्या. पाण्याच्या आत सुटलं तर सोडवणारी जिंकली, नाही सुटलं तर रचणारी. जिंकणारीच्या बरणीत एक लाल बटण. हरणारीने चहा करायचा. दोन बरण्या माझ्या खिडकीत शेजारी शेजारी. तुझी लोणच्याची मोठी, गळ्यापर्यंत भरलेली. माझी, मुरंब्याची छोटी, तिच्यात तळाला थोडीशी. सुनेने एकदा विचारलं, "आई, ही छोटी बरणी औषधाची का?" तू दोन गुरुवार हसत होतीस.

आपलं भांडण एकच आणि ते कधी मिटलं नाही. दोन शक्यता उरल्या की मी एक धरून पुढे जायची. बसली तर बसली, नाही तर मागे यायचं. तू म्हणायचीस ही चोरी आहे.

"अगं पण उत्तर बरोबर आलं ना?" मी म्हणायची.

"आलं. पन तुला कुठं कललं? तू नुस्तं बोट ठेवलंस."

"मग दोन उरल्यावर करायचं काय?"

"बसून ऱ्हायचं. चिठ्ठी शोधायची. आनि दोनांतलं जे मनाला बरं वाटतं ते तर उचलायचंच नाय. ते हमखास आपलं असतं, कोड्याचं नसतं."

मी तुला म्हणायची की सगळ्यांना तुझ्याइतका धीर नसतो. तू म्हणायचीस धीर नसेल तर चहा कर.

आता श्रावण.

श्रावणातल्या पहिल्या गुरुवारी तुझं कोडं मी वीस मिनिटांत सोडवलं. वीस मिनिटांत, भागे, आणि तेही सोडवलं म्हणजे काय, तुझ्या कोड्यात एकच बाई दोन घरांत राहत होती. मी टाळ्या वाजवल्या. "तुझी बाई दोन घरं ठेवून आहे गं, नवऱ्याला माहीत आहे का?" तू पण हसलीस. चिठ्ठ्या हातात घेऊन जरा वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, "ऱ्हात असंल. एक घर सुनेचं." मी लाल बटण टाकलं. चहा तू केलास. साखर दोनदा घातलीस, आणि मी तो पाकासारखा चहा विजयाचा म्हणून प्याले.

पुढच्या गुरुवारी माझं कोडं. तेच हे पाकीट, जे आता माझ्यासमोर आहे. तू झाकणावर बटणं मांडायला घेतलीस आणि काळी-दुधी तुझ्या हातात उलटसुलट व्हायला लागली. बटणं, भागे, तुझ्या हातात. तू डोळे बारीक केलेस. ढीग घातलेस, मोडलेस. नळ गुरगुरला. तू माझ्याकडे बघून विचारलंस, "सुमे, एक चिठ्ठी कमी हाय. तू लपवलीस का?"

इथे मला खरं उत्तर द्यायचं होतं. ते एका शब्दाचं होतं. पण आत कुठेतरी ती पर्सवाली बाई अजून जिवंत होती. पस्तीस वर्षांनी पहिल्यांदा तू अडली होतीस, आणि माझ्यामुळे अडली होतीस असं तुला वाटत होतं. मला इतकं बरं वाटलं. मी भुवई उडवली आणि म्हणाले, "ओळख कुठली ती."

तुझा चेहरा सैल झाला. मला तो आत्ता दिसतो, तेव्हा दिसला नाही. तेव्हा मला वाटलं, ही खेळात रंगली. आता वाटतं, ही सुटली. तुझं डोकं अडलेलं नाही, सुमीची खोडी आहे, एवढं तुला मी हातात दिलं आणि तू ते पदरात बांधून घेतलंस. पाकीट घेऊन घरी गेलीस. "शोधून काढते चोरटे," म्हणालीस.

पुढचे तीन गुरुवार तू यायचीस आणि पहिला प्रश्न तोच. "दे ती चिठ्ठी." मी म्हणायची, "आधी सांग काय लिहिलंय तिच्यावर." तू म्हणायचीस, "सांगते. पुढच्या येलेला सांगते." मग दुसरी कोडी व्हायची आणि तीही मीच जिंकायची. माझी छोटी बरणी भरत आली. मी सुनेला बोलावून दाखवली.

मधल्या चिठ्ठ्या मी वेगळ्या ढिगात टाकत होते. तू एका पायात निळी चप्पल आणि एकात चॉकलेटी घालून आलीस, मी म्हणाले घाईत असेल. एकदा आमच्याऐवजी शेजारच्या बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन कोणाची तरी बेल वाजवत उभी राहिलीस, मी म्हणाले सगळ्या इमारती सारख्याच. कपाचा कान तुझ्या डाव्या हातातून दोनदा निसटला, मी म्हणाले वय. तू केळफूल आणलंस आणि त्याचं नाव तुला आठवेना. "ते, लाल, सोलायचं," म्हणालीस. मी कोडं समजून "कांदा" म्हणाले आणि हसले. हे सगळं मला समोरासमोर दिसत होतं. बोलक्या चिठ्ठ्या होत्या, भागे. एकही मुकी नव्हती. मी त्या सगळ्या उचलून माझ्या बरणीत टाकल्या.

आणि वैशालीचा फोन. तुझ्या मुलीने मला विचारलं नसतं तर मी आज निदान "मला काय माहीत" म्हणू शकले असते. पितृपक्षात तिचा दुपारी फोन आला.

"मावशी, आईत काही फरक वाटतो का तुम्हाला? जरा विसरते असं मला वाटतंय."

मी म्हणाले, "छे गं. ठणठणीत आहे."

"कोडी सोडवते ना अजून? मी परवा विचारलं तर म्हणाली, सुमी चिठ्ठ्या लपवते म्हणून अडतं. तुम्ही खरंच लपवता?" ती हसत होती, पण शेवटचा शब्द हसत नव्हता.

मी म्हणाले, "हो, लपवते की. जुनी खोड आहे माझी."

"नक्की ना मावशी? मग मी उगाच घाबरते."

"नक्की."

का म्हणाले? यावर मी तीन आठवडे ढीग घालतेय. तिला धीर द्यायचा होता, असं एक उत्तर निघतं. ते मनाला बरं वाटतं, म्हणजे ते माझं आहे, कोड्याचं नाही, तूच शिकवलंस. दुसरं उत्तर असं की तुला काही झालंय हे मी मान्य केलं असतं तर बरणीतली ती बटणं खोटी ठरली असती. आजारी बाईला हरवलं, असं झालं असतं. पस्तीस वर्षांनी मिळालेले विजय मला सोडवेनात. एवढंच. यात दुसरी शक्यता उरत नाही, मी तपासलं.

नवरात्रात तू अंगणात पडलीस. डोक्यात गाठ निघाली. मी दवाखान्यात आले तेव्हा डॉक्टर वैशालीला विचारत होते, "हे कधीपासून होतंय? आधी काही लक्षात आलं नाही?" वैशालीने माझ्याकडे बघितलं. आरोप नव्हता, मदत मागत होती. मी तुझ्या उशाच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं. ते घट्टच होतं. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तर बरं झालं असतं असं नाही, थोडा वेळ मिळाला असता. थोडा म्हणजे किती ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी गुरुवारांमध्ये मोजायला घेतलं असतं.

तू तेव्हा बोलत होतीस, थोडं थोडं. माझा हात धरून तू म्हणालीस, "सुमे." मी म्हणाले, "काय गं?" तू खूप वेळ शब्द शोधलास आणि मग सोडून दिलास. मी त्यावेळी सांगायला हवं होतं. चिठ्ठी लपवली नव्हती गं, तेराच्या तेरा तुझ्याकडेच आहेत. वाक्य तयार होतं. पण शेजारी वैशाली बसली होती, तुझ्या पायांना तेल लावत, आणि मी म्हणाले, "बरी हो, मग बघू." दिवाळी झाली आणि तू गेलीस.

काल वैशाली आली. तुझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. "आईची कोडी आहेत, तुम्हीच ठेवा." मी तिला बसवलं, चहा केला आणि सगळं सांगितलं. भुवई उडवली तेही सांगितलं. फोनवरचं "नक्की" तेही. कशाला सांगितलंस, असं तू विचारशील. कारण ती मला म्हणाली होती, "मावशी, शेवटी शेवटी तिला तुमच्यामुळे किती विरंगुळा होता." ते वाक्य घेऊन मला जगता येईना.

तिचा कप हातात तसाच. मग म्हणाली, "मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं, मावशी."

"हो."

"'नक्की ना' असं पण म्हणाले होते."

"हो गं."

ती उठली, कप आत नेऊन धुतला, पालथा ठेवला, चपला घातल्या आणि गेली. दरवेळी "येते मावशी" म्हणते. काल म्हणाली नाही. तिच्याकडून मी अजून काही मागणार नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, बसून ऱ्हा. बसलेय.

डबा मी आज दुपारी उघडला. वरच हे पाकीट होतं, त्या दुसऱ्या गुरुवारचं. त्यावर माझ्या अक्षरात: एकूण १३. आणि त्याखाली पेन्सिलने, तुझ्या हाताच्या, बारीक उभ्या रेघा. मी मोजल्या. तेरा. पहिल्या सरळ आहेत, मधल्या कलत्या, शेवटच्या दोन पाकिटाच्या कडेवरून बाहेर चालल्यात. एकेक चिठ्ठी उलटी करून, मागचा आकडा बघून, एकेक रेघ. तुला आकड्यांचा नियम आठवला होता. तू मोजल्या होत्यास. कमी काही नाही हे तुला कळलं होतं.

आणि तू मला कधीच म्हणाली नाहीस.

हे आहे तू मला टाकलेलं कोडं. तासभर मी ते या झाकणावर मांडतेय. तू कधी मोजल्यास? एक शक्यता अशी की त्याच आठवड्यात, घरी जाऊन लगेच. म्हणजे पुढचे तीन गुरुवार "दे ती चिठ्ठी" म्हणून तू दारात उभी राहायचीस तेव्हा तुला माहीत होतं. मी खोटं बोलतेय हेही माहीत होतं आणि तुझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय हेही. तरी तू आलीस, माझ्या खोडीच्या आड बसलीस, चोरटे म्हणालीस, चहा केलास. आपण दोघींनी मिळून ते लपवलं. दुसरी शक्यता अशी की तू फार उशिरा मोजल्यास. तोवर माझ्यावर विश्वास ठेवून शोधत राहिलीस, आणि मग एका दिवशी, एकटीने तेरावी रेघ ओढलीस तेव्हा तुला एकदम दोन्ही गोष्टी कळल्या. आपण आजारी आहोत. आणि सुमीने सांगितलं नाही. दवाखान्यात "सुमे" म्हणून तू जे शोधत होतीस ते कदाचित हे होतं.

रेघा दोन्हीकडे बसतात. वेड्यावाकड्या आहेत, पण तुझा हात श्रावणातही थरथरत होता. पाकीट डब्यात वरच होतं, पण डब्यात तू सगळंच वर टाकायचीस. मी मुक्या चिठ्ठ्यांकडे चारदा वळून बघितलं. एकही बोलत नाही. इथे खरोखरच एक चिठ्ठी कमी आहे, भागे, आणि या वेळी ती तू घेऊन गेलीस.

मला पहिली शक्यता हवी आहे. इतकी हवी आहे की दुधी बटण मी दोनदा तिच्या चौकोनात ठेवलं आणि दोनदा उचललं. पस्तीस वर्षं मी अशा वेळी एक धरून पुढे गेले. तू बघत नसताना तर नक्कीच गेले. आज ठेवून दिलं असतं तर हात कोण धरणार होतं?

दोन्ही चौकोन रिकामे ठेवलेत.

माझ्या बरणीतली श्रावणापासूनची बटणं मी बाहेर काढली. आठ आहेत. ती तुझ्या बरणीत घालणार नाही, तू तसली भीक घेणार नाहीस. ती मी वैशालीने आणलेल्या डब्यात, या पाकिटाच्या खाली ठेवतेय. कोणी विचारलं तर सांगेन कसली ते.

नळ गुरगुरतोय. शेजारणीने बादली सरकवली. पाणी आलं, भागे, आणि मला सुटलेलं नाही. एक लाल बटण तुझ्या बरणीत टाकलं, आता वर बोटभरसुद्धा जागा राहिली नाही. आज हरले ती मी. चहा मी ठेवते.